नावाड्याने घेतलेली झडती

काल्हेरच्या एका गोडाऊनचं गेट मी सांभाळतो. शिफ्ट सुटली की माणसं रांगेनं माझ्यासमोरून बाहेर पडतात. डबा उघडायचा, बॅग उघडायची, खिशातलं सगळं टेबलावर काढायचं, हात वर करून उभं राहायचं. हाताखालची मुलं चाचपून बघतात, मी तोंडाकडे बघतो. इतक्या वर्षांनी माझं खरं काम तेवढंच उरलं आहे. ज्याच्याकडे काही लपवलेलं असतं तो बहुतेक वेळा नको तेवढं बोलतो. ज्याच्याकडे काही नसतं तो नुसता कंटाळलेला असतो. हे मला ओळखता येतं, आणि त्याचा मला अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

माझी मुलगी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. गेल्या वर्षी तिनं आपली रविवारची सुट्टी बदलून शुक्रवारची घेतली. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. आमचं घर नारपोलीत, दोन्ही बाजूंना कारखाने. आठवडाभर आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलतो. शुक्रवारी मात्र शेजारणीनं वाटी खाली ठेवली तरी ऐकू येते. पण लूम बंद असण्याचा आणि लॅबचा काय संबंध, हे मला कळेना.

"गेम खेळायला जाते," ती म्हणाली.

"कुठं?"

"मागच्या गल्लीतल्या गाळ्यात. वरच्या खोलीत. शुक्रवारी शांत असतं ना."

"लूमच्या गाळ्यात गेम?"

"पप्पा, बसून खेळायचा गेम आहे. गोष्ट सांगायची असते."

तिनं एवढं सरळ सांगितलं, म्हणूनच माझा विश्वास बसला नाही. शिकलेली, कमावती मुलगी दर आठवड्याला दुपारभर कारखान्यावरच्या खोलीत गोष्टी सांगते? मी साहेबांना गुडघ्याचं कारण देऊन माझीही सुट्टी शुक्रवारची करून घेतली. बायकोला सांगितलं, आता दोघं बरोबर घरी असू. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भाजी निवडत राहिली.

पहिल्या शुक्रवारी मुलीला म्हटलं, चल, गाडीवर सोडतो. मागची गल्ली चालत जाण्याइतकी जवळ आहे. ती गाडीवर बसली. गाळ्याचा जिना चढून मी तिच्या मागोमाग वर गेलो.

वर खरंच पाच खुर्च्या आणि एक टेबल होतं. खाली लूमवर अर्धं विणलेलं कापड तसंच थांबलेलं होतं. गाळ्याच्या मालकांचा मुलगा हा खेळ चालवत होता. खेळात कुठलं गाव लागलं, वाटेत कोण भेटलं, ते काय म्हणालं, हे सगळं तोच सांगायचा, म्हणून त्याला सगळे मास्टर म्हणत. दुसरी मुलगी दातांची डॉक्टर होत होती, लहानखुरी आणि तोंडाची तिखट. तिसरा मुलगा गणेशपुरीहून एसटीनं यायचा. तिथं आश्रमाला येणाऱ्या माणसांसाठी त्याच्या घरचं जेवणघर आहे. माझ्या मुलीच्या बरोबरीचीच सगळी. माझी मुलगी बसली तरी एक खुर्ची रिकामी होती.

"एक माणूस कमीच आहे," दातांची डॉक्टर म्हणाली. "बसा ना काका."

मुलीनं तिच्याकडे रोखून बघितलं. ते मला दिसलं. मी बसलो.

मास्टरवर माझा पहिला संशय होता. का, ते लिहिताना मान खाली जाते. माझ्या वडिलांनी त्याच्या आजोबांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. त्यांच्या घरचा शीरखुर्मा पिऊन मी मोठा झालो आणि विहारातल्या कार्यक्रमाला त्यांच्याकडून खुर्च्या यायच्या. त्या मुलानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. तो फक्त त्या घरात जन्मला होता, माझी मुलगी आमच्या घरात, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. त्यानं मला आदरानं "अंकल, आप आरामसे बसा" म्हटलं, त्यातही मी काहीतरी शोधलं.

खेळ असा, की प्रत्येकानं एक माणूस तयार करायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. तो काय करू बघतो ते सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. मास्टरनं मला विचारलं, तुमचा माणूस कोण? मी मुद्दाम माझ्याहून अगदी वेगळा माणूस निवडला. गेट नाही, रांग नाही, युनिफॉर्म नाही. म्हटलं, माझा नावाडी. खाडीवर नाव चालवतो, येईल त्याला पलीकडे सोडतो, मनमौजी माणूस आहे.

अर्धा तास झाला नसेल. माझ्या नावेत एक म्हातारा चढला, तो मास्टरच बोलत होता. मी विचारलं, "कुठून आलास?" तो म्हणाला, वरच्या गावातून. मी विचारलं, "वरच्या गावात कोणाकडे होतास? पोत्यात काय आहे?"

टेबलावर हसू फुटलं.

"काका, ही नाव आहे की गोडाऊन?" दातांची डॉक्टर म्हणाली. "म्हाताऱ्याचा गेटपास बघणार का आता?"

मीही हसलो. पण आतून दचकलो. मी तसं काही ठरवलंच नव्हतं. तोंडातून आपोआप आलं.

"सगळ्यांचं असंच होतं अंकल," मास्टर म्हणाला. "तिचा राक्षस बघा."

दातांच्या डॉक्टरनं कुऱ्हाड घेतलेला राक्षसासारखा दांडगा गडी केला होता. कुणाची मान कापली जाईल, या तयारीनं सगळे बसायचे, आणि तो गडी लढाई संपताच शत्रूच्या जखमा धुवायला बसायचा. गणेशपुरीचा मुलगा एवढा लाजरा, की चहाचा कप उचलतानाही परवानगी घ्यायचा. त्यानं राजा केला होता, मोठ्या आवाजाचा. पण राजवाड्यात माणूस आला की राजा पहिलं विचारायचा, जेवलात का.

"मला राजासारखं रागवायचं असतं," तो म्हणाला, "पण आल्याला उपाशी कसा ठेवनार? जमत न्हाय."

"आणि मास्टरचा दरोडेखोरसुद्धा आधी चहा पाजतो," माझी मुलगी म्हणाली. "मग लुटतो."

"अब्बांची शिकवण," मास्टर म्हणाला.

मी ऐकत होतो. माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. इथं माणूस काहीही बनो, आतला माणूस बाहेर पडतोच. मग मी मुलीकडे वळलो आणि विचारलं, तुझी कोण?

तिची एक वाटसरू मुलगी होती. जवळ एक गाठोडं, ते कधी उघडायची नाही. घर नाही. आईबाप नाहीत.

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत."

"काका, इथं सगळेच अनाथ असतात," दातांची डॉक्टर मध्येच म्हणाली. "आईबाप ठेवले की हा मास्टर त्यांना पळवून नेतो आणि आपल्याला सोडवायला जावं लागतं. माझ्या पहिल्या गड्याची आई तीनदा पळवली यानं."

सगळे हसले. कारण पटण्यासारखं होतं. पण रात्रभर ते मला टोचत राहिलं. राजाच्या पोटी गणेशपुरीचं जेवणघर निघालं, नावाड्याच्या पोटी गेटवाला निघाला, मग माझ्या मुलीच्या मनात काय होतं? घर नसलेली, बाप नसलेली, गाठोडं घेऊन निघालेली मुलगी.

त्यानंतरचे शुक्रवार मी खेळायला जात नव्हतो, बघायला जात होतो. खेळ खेळ म्हणून कळायलाही लागला होता. त्यात एक नियम फार महत्त्वाचा आहे, तो मला पहिल्याच दिवशी समजावला होता. टेबलाशी बसलेल्या माणसाला जे माहीत आहे ते त्याच्या पात्राला माहीत असेलच असं नाही. माझ्या शेजारी बसलेला मुलगा गणेशपुरीचा आहे हे मला ठाऊक, पण माझ्या नावाड्याला ठाऊक नाही. नावाड्यानं फक्त त्याला दिसलं, त्यानं ऐकलं तेवढ्यावर चालायचं. मी मान हलवली होती. सोपं वाटलं होतं.

मी खुणा गोळा करत होतो. गणेशपुरीचा मुलगा माझ्या मुलीशी बोलताना कानापर्यंत लाल व्हायचा, तेव्हा संशय मास्टरवरून त्याच्यावर सरकला. तिला फोन आला की ती जिन्यात जायची. एकदा खेळात मास्टरनं विचारलं, सगळे परत फिरणार का, तर तिची वाटसरू म्हणाली, "तुम्ही जा. मी पुढच्या गावात राहणार आहे." मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती कंटाळलेली नव्हती.

मग मी ते केलं. ती आंघोळीला गेली होती, बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी तिची पर्स उघडली. गेटवर हजारो बॅगा उघडल्या, पण तेव्हा समोर बॅगेचा मालक उभा असतो आणि त्याला माहीत असतं. आत फोटो स्टुडिओचं पाकीट होतं. पासपोर्ट साइज, मागं पांढरा पडदा, दोन्ही कान दिसतील असे केस मागं बांधलेले. काही फोटो आधीच कापून घेतले होते. असे फोटो कुठल्या कामाला लागतात ते मी ओळखून होतो. सरकारी काम, सही, साक्षीदार. मी पाकीट होतं तसं ठेवलं आणि डोक्यात लग्नाची नोंदणी करून टाकली. नवरा कोण, तेवढंच शोधायचं राहिलं.

पुढच्या शुक्रवारी खेळात सगळे माझ्या नावेत बसले. राजा, दांडगा गडी आणि ती. खाडी ओलांडली की त्यांचा प्रवास पुरा होणार होता. नाव मध्यावर आली आणि मी सांगितलं, नावाडी वल्हं उचलून ठेवतो.

"का?" मास्टरनं विचारलं.

"गाठोडं उघडल्याशिवाय नाव पुढं जाणार नाही."

"काका, परत सुरू झालं का तुमचं?" दातांची डॉक्टर म्हणाली. पण हसणं अर्ध्यावर राहिलं. माझा आवाज नावाड्याचा नव्हता.

मुलगी शांतपणे म्हणाली, "माझी वाटसरू विचारते, का म्हणून उघडू?"

"कारण तू काहीतरी लपवते आहेस. उघड. आहेत ना त्यात फोटो?"

त्या गोष्टीत घोडे होते, तलवारी होत्या, मशाली होत्या. कॅमेरा नव्हता. फोटो हा शब्द त्या नावाड्याला माहीतच असू शकत नव्हता. तो फक्त मला माहीत होता, आणि तो मला कसा माहीत झाला, हे टेबलाभोवतीच्या एका माणसाला त्याच क्षणी कळलं.

गणेशपुरीचा मुलगा बिचारा घाईनं म्हणाला, "चित्रं म्हनायचं आसल काकांना."

खालून मास्टरच्या वडिलांनी हाक मारली, "चाय भेजू क्या?" मास्टर म्हणाला, "थोडी देरसे, अब्बा."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे नाही, नावाड्याकडे बघून बोलल्यासारखी म्हणाली, "ठीक आहे. ती गाठोडं उघडते. रिकामं आहे."

"रिकामं?" मास्टरलाही नवल वाटलं.

"हो. आत काय आहे ते मी कधी ठरवलंच नव्हतं. मला फक्त एक अशी वस्तू हवी होती, जी कुणी उघडून बघणार नाही."

तिनं फासे डबीत टाकले आणि जिना उतरून गेली. मी गाडी घेऊन मागं निघालो. ती गल्लीतून चालत होती. मी हळू गाडी चालवत तिच्या बाजूनं आलो, तर ती पलीकडच्या बाजूनं चालू लागली. शुक्रवार असल्यामुळे माझ्या गाडीचा आवाज गल्लीभर ऐकू जात होता.

घरी तिनं पाकीट पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. नाशिकच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तिला नोकरी लागली होती. हॉस्टेलसह. फोटो त्याच कामाचे. फोन तिकडचेच. बायकोनं ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नवीन उमटलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या वॉचमनला गाठलं असतं," ती म्हणाली. "अहो, तुम्ही तिची शाळेची सहल निघाली तेव्हा ड्रायव्हरचं लायसन मागितलं होतं."

मी मुलीला म्हणालो, मी नाही म्हटलं नसतं.

"मला माहीत आहे पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही कधीच नाही म्हणत नाही. तुम्ही चौकशी करता. मला थोडे दिवस ती गोष्ट फक्त माझ्याकडे ठेवायची होती, एवढंच." मग ती म्हणाली, "मी शनिवारी जाणार आहे, पुढच्या. स्टँडवर आई येईल. तुम्ही नका येऊ."

माझी मुलगी पहिल्यांदा घर सोडून चालली होती आणि तिला निरोपाला मी नको होतो. मी भांडलो नाही. भांडायला माझ्याकडे काही नव्हतं. त्या आठवड्यात गेटवर मी मुलांना म्हटलं, तुम्हीच बघा, आणि बाजूला बसलो. एका माणसानं स्वतःहून डबा माझ्यासमोर उघडून धरला. डब्यात एक चपाती उरलेली होती. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

गुरुवारी दातांच्या डॉक्टरचा मेसेज आला. 'काका, उद्या या. नाव खाडीतच अडकली आहे. नावाडी नसेल तर हलणार नाही.' मी मुलीला दाखवला. ती बॅग भरत होती. वाचून म्हणाली, "तुमची मर्जी." या वेळी मी गाडी काढली नाही. ती पुढं गेल्यावर काही वेळानं चालत गेलो.

टेबलाभोवती सगळे मागच्याच जागी बसले होते. मास्टरनं सुरुवात केली. नाव मध्यावर आहे, वल्हं वर आहे, गाठोडं उघडं आहे, सगळे गप्प आहेत. नावाडी काय करतो?

येताना मी बरंच काही जुळवलं होतं. नावाड्याच्या तोंडून माफी मागायची, छान बोलायचं. प्रत्यक्षात ते फार सोयीचं वाटलं. माफी माझी होती, ती त्याच्या नावावर कशी घालायची? मी मुलीला म्हटलं, "आधी मी बोलतो, नावाडी नंतर. तुझी पर्स मी उघडली. ती उघडायची नव्हती." बाकीच्यांनी खाली बघितलं. मुलगी म्हणाली, "हं."

मग मी म्हटलं, नावाडी वल्हं पाण्यात घालतो.

"फासा टाका," मास्टर म्हणाला.

तीन पडले. वीसपैकी तीन.

"ओहोटी लागली," मास्टर जड आवाजात म्हणाला. "नाव गाळात रुतली."

"वा काका," दातांची डॉक्टर म्हणाली. "झडती घेण्यात पाणी गेलं निघून."

या वेळी मुलगीही हसली, थोडंसंच. सगळ्यांना उतरून नाव ढकलावी लागली. राजा गुडघाभर चिखलात उतरला आणि म्हणाला, पलीकडे पोचलो की आधी सगळ्यांना भात. दांडग्या गड्यानं कुऱ्हाड नावेत ठेवली. वाटसरूनं गाठोडं बांधून डोक्यावर घेतलं. माझ्या जिभेवर आलं होतं, आण इकडे, मी धरतो. ते मी गिळलं.

"एका हातानं ढकल," मी म्हटलं. "दुसऱ्यानं गाठोडं धर. भिजेल."

"रिकामं आहे, नावाडी," ती म्हणाली.

"असू दे. तुझं आहे."

तिनं फासा टाकला, बऱ्यापैकी पडला, नाव सुटली. पलीकडच्या काठावर मास्टरनं उगाच एक चहाची टपरी उभी केली आणि सगळे तिथं बसले. तिची वाटसरू बसली नाही. ती वरच्या वाटेनं निघून गेली. मास्टरनं मला विचारलं, नावाडी काही बोलतो का? मी म्हटलं, नाही, नाव बांधतो.

खालून खरा चहा आला. मुलगी कागद आवरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी साडेसहाची बस आहे. बॅग जड आहे, आईला उचलायची नाही."

मी विचारलं नव्हतं.

"साडेसहाची म्हंजे वाड्यावरून, आमच्या बाजूनं जानारी का?" गणेशपुरीच्या मुलानं विचारलं. विचारताना त्याचे कान लाल झाले.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग मान वळवली आणि टेबलावर सांडलेले फासे एकेक करून डबीत भरायला लागलो.